जुना चहा आणि मुरलेला चहा

‘जुनें तें सोनें’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली त्याच्या डोळ्यांपुढें चहा नव्हता, हें खास. परंतु अलीकडे आमच्या सुशिक्षित मंडळींत जो एक नवा शौक शिरूं पाहत आहे, त्याचे पुरस्कर्ते ही म्हण चहालाच लावीत सुटले आहेत. चीन देशाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यांत युन्नान नांवाचा प्रांत आहे. तेथें पु-अर या नांवाचा चहा होतो. तो वाफवून, दाबून त्याच्या चकत्या करतात आणि त्या वर्षानुवर्षें ठेवून मग पितात. हा चहा मला मनापासून आवडतो, हें आरंभींच सांगून टाकतों. पुढें जें लिहावयाचें आहे त्याचा रोख चहावर नसून चहाच्या भक्तांवर आहे.

या भक्तांचें म्हणणें थोडक्यांत असें : चकती जितकी जुनी तितकी चांगली, चांगली म्हणून महाग, आणि महाग म्हणून ती फोडून पिण्यापेक्षां जपून ठेवण्यांतच शहाणपण. एका गृहस्थांनीं तर मुलीच्या लग्नाकरितां सोन्याऐवजीं चकत्या घेऊन ठेवाव्या, असें मला अगदीं गंभीरपणें सुचविलें. यांच्या उलट दुसरा पक्ष आहे. त्याच्या मतें हा चहा म्हणजे कुजका पाला, आणि त्याचें कौतुक म्हणजे परदेशी वस्तूपुढें लोटांगण. हे दोन्ही पक्ष एकमेकांचें तोंड पाहत नाहींत. पण मला तर त्यांची चूक एकच दिसते. दोघेही काळालाच कर्ता मानतात. एकाचा काळ सोनें करतो, दुसऱ्याचा काळ कुजवितो, इतकाच भेद.

या बाबतींत आपल्या आज्या अधिक जाणत्या होत्या. आंबोळीचें पीठ आंबतें, भाजी कुजते, दूध नासतें, आमटी विटते, भाकरी बुरसते आणि लोणचें मुरतें. प्रत्येक क्रियेला त्यांच्यापाशीं वेगळा शब्द होता, आणि एकीच्या जागीं दुसरा शब्द त्यांच्या तोंडून चुकूनही जात नसे. लोणच्याची बरणी उघडतांना तें किती जुनें असें कोणी विचारीत नाहीं. मुरलें कीं नाहीं, असें विचारतात. मुरण्याला वेळ लागतो हें खरें. परंतु मीठ कमी पडलें किंवा बरणी ओली राहिली, तर तेवढ्याच वेळांत तेंच लोणचें बुरसून जातें. काळ तोच, फळ निराळें. एवढा विवेक ज्या भाषेंत आयता आहे, त्या भाषेच्या लोकांनीं चहाच्या चकतीपुढें मात्र तो गुंडाळून ठेवावा, याचें मला नवल वाटतें.

आतां त्या चकतींत होतें काय, तें पाहूं. पानें मोठ्या पानाच्या जातीचीं, म्हणजे आसामांत जी जात आहे तिच्याच कुळांतलीं. तीं थोडीं कोमेजूं देऊन लोखंडी कढईंत परततात, हातांनीं मळतात आणि उन्हांत वाळवितात. नित्याच्या हिरव्या चहांत कढईची आंच पानांतला पुढील बदल जवळजवळ थांबवून टाकते. येथें ती बेताची असते, आणि वाळवणी उन्हाची, म्हणून पानांत पुढें कांहीं घडावयाला वाव राहतो. मग वाफवून, फडक्यांत बांधून, दगडाखालीं दाबून चकती होते. रूढ वजन ३५७ ग्रॅम. सात चकत्या बांबूच्या सालींत बांधल्या म्हणजे अडीच किलोंचा एक गठ्ठा. या कच्च्या प्रकाराला ‘शंग’ म्हणतात. नवा शंग कडू, तुरट आणि रिकाम्या पोटाला बाधणारा. पुढें हवा, दमटपणा आणि सूक्ष्म जंतु यांच्या योगानें तुरटपणा आणणारीं द्रव्यें घटत जातात, तपकिरी रंगद्रव्यें वाढतात, आणि पिवळ्या पाण्याचें तांबूस, तांबुसाचें गडद लाल होतें. यालाच मी मुरणें म्हणतों.

दुसरा प्रकार ‘शौ’. १९७३ च्या सुमारास कुनमिंग येथें याची कृति बसविण्यांत आली. पानांचा मोठा ढीग घालावयाचा, त्यावर पाणी शिंपडावयाचें, झांकावयाचें आणि वरचेवर उलथावयाचें. ढीग आंतून तापतो, त्यांत ॲस्परजिलस जातीची बुरशी आणि यीस्ट वाढतात, आणि दीडदोन महिन्यांत पानें काळपट व सौम्य होतात. आपल्याकडे आंब्याची अढी घालतात, तिचीच ही थोरली बहीण. जुन्याचे भक्त शौचें नांव निघालें कीं नाक मुरडतात; त्यांना तो नकली वाटतो. कां वाटावा? शंगची सर त्याला येत नाहीं, हें मान्य. झाडावर पिकलेल्या आंब्याची सर अढीच्या आंब्याला कोठें येते? पण म्हणून अढीचा आंबा कोणी खोटा म्हणत नाहीं. खरी अडचण निराळी आहे. जें काम वर्षांच्या हिशेबानें व्हावयाचें, त्याच्या जवळपासचें कांहीं तरी ढिगानें दोन महिन्यांत करून दाखविलें. आणि त्यामुळें वयाच्या आंकड्याचा दिमाख उतरला.

हा आंकडा किती पोकळ आहे, तें साठवणुकीवरून आणखी स्पष्ट होतें. एकाच वर्षाच्या, एकाच कारखान्याच्या दोन चकत्या घ्या. एक कुनमिंगच्या उंच, कोरड्या हवेंत ठेवा आणि दुसरी हाँगकाँगच्या दमट वखारींत. वीस वर्षांनीं पहिली अजून तरुण आणि कडवट असेल, दुसरी काळवंडून मवाळ झालेली. आणि वखारवाल्यानें ओल अधिक होऊं दिली असेल तर तिला तळघराचा वासही लागलेला असेल. वय विचाराल तर दोघींचें वीस. या हाँगकाँगांतच पु-अर हें चहाच्या उपाहारगृहांतील रोजचें पेय होतें. सकाळीं वाफवलेल्या खाद्यपदार्थांबरोबर पोरेंसोरें, हमाल, कारकून सगळे तें पीत, आणि तो चहा किती सालचा हें विचारण्याची कोणाला गरज भासत नसे.

त्याला जडजवाहिराची कळा आली ती नंतर. १९९५ साली तैवानांत देंग शिहाय यांचें पु-अरवरील पुस्तक निघालें, आणि जुनेपणाबरोबर सुगंध वाढत जातो हें मत त्याच्यामागून सर्वतोमुखीं झालें. हाँगकाँगच्या वखारींतील जुने साठे तैवानच्या हौशी लोकांनीं उचलले. पुढें चीनमधील पैसा या बाजारांत उतरला. ज्यांनीं आयुष्यांत पु-अरचा पेला तोंडाला लावला नव्हता त्यांनींही गठ्ठेच्या गठ्ठे घेऊन ठेवले. २००७ साली भाव कोसळले. गंमत अशी कीं त्याच साली युन्नानमधील सिमाओ या शहराचें नांव बदलून अधिकृतपणें पु-अर असें ठेवण्यांत आलें! बाजार पुन्हां सांवरला. लोक मात्र शहाणे झाले असें दिसत नाहीं. लाओ बानजांग हें गांव एक, त्याचीं जुनीं झाडें मोजकीं, आणि त्या नांवाचें वेष्टन मात्र बाजारांत हवें तितकें मिळतें.

आमच्याकडच्या भक्तांचें ज्ञान तर वेष्टनापुरतेंही नाहीं. एका बैठकींत ७५४२ असा आंकडा असलेली चकती फिरत होती, आणि ती १९७५ सालची म्हणून सर्वजण तिला दोन्ही हातांनीं धरीत होते. वस्तुतः त्या आंकड्यांतील पहिले दोन अंक मिश्रणाची कृति कोणत्या साली ठरली तें सांगतात, तिसरा पानांची प्रत सांगतो आणि चौथा कारखाना. २ म्हणजे मंघायचा. ती चकती गेल्या वर्षीं दाबलेली असली तरी आंकडा ७५४२ च राहणार. मीं हें सांगितलें तेव्हां ज्या गृहस्थांनीं क्षणापूर्वीं चहाच्या चवीचें काव्यमय वर्णन केलें होतें, त्यांना तोच चहा एकाएकीं पाणचट लागूं लागला. जीभ तीच, पेला तोच! या घटनेनंतरच हा लेख लिहावा असें मनांत आलें.

आरोग्याचा मुद्दा एका वाक्यांत आटोपतों : पु-अरमधील एका रंगद्रव्यानें उंदरांच्या रक्तांतील कोलेस्टेरॉल उतरलें असे प्रयोग २०१९ साली प्रसिद्ध झाले आहेत, परंतु त्यावरून कोणा गृहस्थाचें पोट कमी करून देण्याची हमी घेणारा दुकानदार उंदरांचाही अपमान करतो.

दुसऱ्यांना इतकें बोलल्यावर स्वतःचा अपराध लपविणें बरें नव्हे. हाँगकाँगहून परतलेल्या एका स्नेह्यानें २०१२ साली मला शंगच्या दोन चकत्या दिल्या आणि ‘पीत जा’ इतकेंच सांगितलें. मीं त्यांतली एक चांगल्या प्रसंगासाठीं म्हणून कपाटांत, पैठण्यांच्या शेजारीं ठेवली. तेथें डांबराच्या गोळ्या होत्या. चहा शेजाऱ्याचा वास ओढून घेतो, हें मला पुस्तकांतून ठाऊक होतें. परंतु मौल्यवान वस्तु मौल्यवान वस्तूंतच ठेवावी, ही बुद्धि आड आली. सात वर्षांनीं चकती काढली ती फेंकून देण्यासाठींच. तोंवर तो स्नेहीही गेला होता. त्याच्याबरोबर प्यावयाचे पेले मीं वयाच्या मोहानें घालविले, हें मी विसरत नाहीं.

ज्यांना परदेशी म्हणून या चहाचा तिटकारा आहे त्यांना मात्र आसामची आठवण द्यावीशी वाटते. १८२३ साली रॉबर्ट ब्रूस याला तेथील चहाचें झाड ज्या सिंगफो लोकांकडून कळलें, ते अद्यापि आपला ‘फालाप’ करतात : पानें भाजून, उन्हांत वाळवून, बांबूच्या नळ्यांत ठासून भरावयाचीं आणि चुलीवरच्या धुरांत टांगून ठेवावयाचीं. तोही चहा वर्षानुवर्षें टिकतो आणि मुरतो. मग ती नळी काढावयाची, त्यांतला एक तुकडा कापावयाचा आणि आल्यागेल्याला चहा द्यावयाचा.

माझी दुसरी चकती पुस्तकांच्या फळीवर, जाडजूड कोशांच्या मागें पडून राहिली होती. जपली नव्हती, विसरली होती. कोंकणाइतकी नव्हे, पण आमच्याकडेही पावसाळ्यांत पुरेशी ओल असते. गेल्या श्रावणांत ती हातीं लागली. सहा ग्रॅमचा तुकडा फोडून लहानशा मातीच्या किटलींत घातला, उकळतें पाणी ओतून पहिलें पाणी टाकून दिलें आणि दुसरें कांहीं क्षणांतच पेल्यांत घेतलें. दूध नाहीं, साखर नाहीं. चवथ्या पाण्याला कडवटपणा ओसरला, आणि घोट गिळल्यावर घशांत मागाहून गोडवा उमटूं लागला. मुलगी म्हणाली, ‘बाबा, याला पहिल्या पावसांत भिजलेल्या कौलांचा वास येतो आहे,’ आणि तिनें पेला पुढें केला. चकतीचें वय मीं तिला सांगितलें नव्हतें. दहाव्या पाण्यापर्यंत तिनें तें विचारलेंही नाहीं.