प्रोजेक्ट विकत मिळतो, हिशोब नाही!

मित्रांनो, सबमिशनचे दिवस आले की आपल्या कॉरिडॉरमध्ये एकच प्रश्न ऐकू येतो, "तुझा प्रोजेक्ट कुठून घेतलास?" नीट ऐका बरं का... "कसा केलास?" असं कोणी विचारतच नाही! रेन अलार्म घ्या, लाइन फॉलोअर घ्या, क्लॅप स्विच घ्या. सोबत स्पायरल बाइंडिंगचा रिपोर्ट आणि व्हायव्हाचे प्रश्न उत्तरांसकट. एक्स्टर्नल येतात, दिवा पेटतो, सही होते. संपलं!

माझं म्हणणं सरळ आहे. चार वर्षांत निदान एक सर्किट प्रत्येकाने स्वतः हिशोब करून, स्वतः सोल्डर करून बनवावं. फार मोठं नको, १२ व्होल्टच्या बॅटरीचा लेव्हल इंडिकेटर चालेल. चार एलईडी, एक आयसी, मूठभर रेझिस्टर. "एवढंच?" असं म्हणून नाक मुरडू नका. हे सर्किट दिसतं त्यापेक्षा बरंच खट्याळ आहे.

लेड-ॲसिड बॅटरी पूर्ण चार्ज होऊन, काही तास शांत पडून राहिली की साधारण १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते. आणि जवळजवळ रिकामी झाल्यावर? शून्य नाही हं, ११.७-११.८! म्हणजे "फुल" आणि "संपली" यांच्यात जेमतेम एक व्होल्टचा फरक. आपल्याला तेवढाच तुकडा पकडायचा आहे. मी ११.७, १२, १२.३ आणि १२.६ असे चार टप्पे धरले. बॅटरीचं व्होल्टेज २० के आणि १० केच्या डिव्हायडरने एक तृतीयांश केलं, की हेच टप्पे ३.९, ४.०, ४.१ आणि ४.२ होतात. आता तुलनेसाठी पक्का आधार हवा, तो ५.१ व्होल्टचा झेनर देतो. त्याच्यावर वरून खाली ९ के, १ के, १ के, १ के आणि ३९ के अशी शिडी लावायची. बेरीज ५१ के, करंट ०.१ मिलिअँपिअर, म्हणजे प्रत्येक १ केवर बरोब्बर ०.१ व्होल्ट! एलएम ३३९ या आयसीत चार कम्पॅरेटर असतात. प्रत्येक जण शिडीची एक पायरी आणि बॅटरीचं व्होल्टेज यांची तुलना करतो आणि आपापला दिवा लावतो.

मी कॉन्व्हेंटची. आकृती पेन्सिलीने, व्याख्येखाली स्केलने रेघ, अशी माझी शाळा. ओहमचा नियम झोपेतून उठवून विचारा, इंग्लिशमध्ये घडाघडा म्हणून दाखवेन. पण त्या नियमाने दुकानातून कुठला रेझिस्टर आणायचा हे ठरवायची वेळ पहिल्यांदा या सर्किटने आणली. आणि गंमत म्हणजे तो हिशोब मी मनातल्या मनात मराठीत केला!

कागदावर सगळं गोड दिसतं. खरी मजा पुढे आहे. आपल्या दोन पायऱ्यांमधलं अंतर ४ व्होल्टमागे ०.१, म्हणजे फक्त अडीच टक्के. आणि लॅबच्या डब्यातला सोनेरी पट्टीचा रेझिस्टर? पाच टक्के इकडे, नाहीतर पाच टक्के तिकडे! खालचा ३९ के थोडा जास्त आणि वरचे थोडे कमी निघाले, तर सर्वात खालची पायरी वरच्या पायरीच्या जागी जाऊन बसते. म्हणजे एक अख्खा दिवा खोटं बोलणार. म्हणून इथे एक टक्कावाले मेटल फिल्म रेझिस्टर लागतात. झेनरवर ५.१ लिहिलेलं असलं तरी तोही थोडा इकडेतिकडे असतो. त्यामुळे वरच्या ९ केच्या जागी १० केचा प्रीसेट टाकायचा, लॅबच्या सप्लायवर मल्टिमीटरने मोजून १२.६ व्होल्ट द्यायचे आणि वरचा दिवा जेमतेम लागेपर्यंत स्क्रू फिरवायचा. "टॉलरन्स" हा शब्द आपण जर्नलमध्ये कितीदा लिहितो! त्याचा अर्थ त्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकाला कळतो.

दुसरी गंमत. चारही दिवे आणि झेनर मिळून साधारण २५ मिलिअँपिअर खातात. फारच कमी, नाही का? पण चोवीस तास लावून ठेवलं तर रोजचे ०.६ अँपिअर-अवर होतात. ८ अँपिअर-अवरची बॅटरी दोन आठवड्यांच्या आत संपेल, केवळ "बॅटरी किती उरली" हे सांगता सांगता! म्हणून पुश बटण हवंच. दाबलं तर दाखव, नाहीतर गप्प बस.

तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? अर्दुइनो आहे की, दहा ओळींचा कोड! जरूर वापरा, मीही वापरते. पण त्याचा एडीसी सुद्धा कुठल्यातरी रेफरन्सशीच तुलना करतो. तो रेफरन्स यूएसबीचा डळमळीत ५ व्होल्ट असेल, तर स्क्रीनवरचे दोन दशांश आकडे म्हणजे नुसता मेकअप. प्रश्न तोच राहतो, फक्त झाकला जातो.

आणि हा प्रश्न फक्त मार्कांचा नाही. माझे मामा सातारा जिल्ह्यात शेती करतात. त्यांच्याकडे बॅटरीवरचा फवारणी पंप आहे, पाठीवर घ्यायचा, आत १२ व्होल्टची छोटी बॅटरी. सकाळी निघताना पंपावरचा दिवा हिरवा, आणि निम्मं रान होईस्तोवर पंप बंद! पाठीवर औषधाने भरलेली टाकी, डोक्यावर ऊन. मामा म्हणतात, "दिवा लावलाय कशाला मग, शोभेला?" कारण आपल्याला माहीत आहे. जुन्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. काम नसताना ती ऐटीत १२.६ दाखवते, मोटर सुरू झाली की व्होल्टेज धाडकन खाली येतं. म्हणजे आरामातलं आणि लोडवरचं, दोन्ही मोजायला हवं. ज्याने इंडिकेटर स्वतः बनवलाय त्याला हे सुचेल. ज्याने विकत घेतलाय तो उद्या कंपनीत बसून असाच एक शोभेचा दिवा डिझाइन करेल... आणि कुणाचा तरी मामा शेतात उभा राहील.

मी सगळा दोष मुलांवर टाकत नाही हं! लॅब पाचला बंद, सोल्डरिंग गन मागायची तर तीन सह्या, त्यात असाइनमेंट, ॲप्टिट्यूडचे क्लास आणि घरी जायची शेवटची बस. पुणे-मुंबईची मुलं बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला जाऊन सामान आणतील, लांबच्या कॉलेजातल्यांनी काय करायचं? विकत घेणं हाच सोपा रस्ता आपण आखून ठेवलाय, मग त्यावरून कोणी चाललं तर नवल काय?

म्हणून डिपार्टमेंटला माझ्या दोनच विनंत्या आहेत. आठवड्यातून एक दिवस लॅब रात्री आठपर्यंत उघडी ठेवा, सामानाचा एक डबा तिथेच असू द्या. आणि व्हायव्हाला थिअरीऐवजी एक काम सांगा. उदाहरणार्थ, "तिसरा दिवा १२.३ ऐवजी १२.२ व्होल्टला लाव." बनवलेला असेल तो क्षणभर विचार करून सांगेल की बॅटरीचा ०.१ म्हणजे शिडीवरचा ०.०३३, म्हणून त्या पायरीखालचे ३३० ओहम वरच्या बाजूला सरकवायचे. विकत घेतलेल्या रिपोर्टात हे उत्तर कुठल्याच पानावर नसतं!

आणि मित्रांनो, डिपार्टमेंटची वाट बघत बसायची तरी काय गरज? रूमवर जुन्या यूपीएसची बॅटरी पडलेली असतेच. या शनिवारी काढा बाहेर, मल्टिमीटर लावा आणि आकडा लिहून ठेवा. पुढचा हिशोब तुमचा!