जहाजावरचं जेवण आणि माझी रेशमी साडी



गेल्या डिसेंबरात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. मुलानं आणि सूनबाईनं मिळून सगळ्या घराची मुंबई ते गोवा अशी जहाजाची सहल ठरवली. लकडगंजात आरा मशीनच्या आवाजात आणि लाकडाच्या भुशाच्या वासात आयुष्य गेलेलं. आमच्यासाठी पाणी म्हणजे फुटाळा आणि अंबाझरी. समुद्रावर राहायचं, झोपायचं, जेवायचं, ही कल्पनाच गमतीची वाटत होती.

टूरवाल्यानं पानभर सूचना पाठवल्या. त्यात एक ओळ होती : रात्रीच्या जेवणाला पोहण्याचे कपडे, बनियन, अनवाणी पाय चालणार नाहीत, नीटनेटके कपडे घालावेत, आणि एका रात्री जरा ठेवणीतले. झालं! त्या एका ओळीवर आमच्या घरात आठ दिवस चर्चा चालली.

सूनबाईनं गाऊन आणला. गडद निळा, पायघोळ, पण बिनबाह्यांचा. मी म्हटलं, "अगं, बाबांसमोर हे घालणार तू?" ती काही बोलली नाही. नुसतं विचारलं, "आई, तुम्ही काय नेसणार?" मी मोठ्या ऐटीत कपाटातून माझी कांजीवरम काढली. मुलाच्या लग्नात घेतलेली, मोरपंखी, लाल काठांची. तिनं पदरावरून हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "छान आहे. आई, यात किती जीव गेले असतील हो?"

टोमणा नव्हता तो. तिच्या माहेरी तिच्या आईनं फार वर्षांपूर्वी रेशीम सोडलंय, ती त्याच संस्कारात वाढली. पण मला उत्तर देता आलं नाही. तिच्या गाऊनच्या बाह्या मोजणारी मी, माझ्या पदरातले जीव कधी मोजले होते?

आजचा विषय हाच. जहाजावर जेवायला काय नेसावं, हा प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. माझं मत असं, की कपडा किती अंग झाकतो हे बघण्याआधी तो कशापासून झाला हे आपण जैन बायकांनी बघायला हवं. आपण नेमकं उलटं करतो.

रेशीम कसं होतं हे तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, तरी सांगते. रेशमाचा किडा स्वतःभोवती एकाच अखंड धाग्याचा कोष विणतो. तो धागा शेकडो मीटर लांब असतो. आतला जीव पतंग होऊन बाहेर पडला की कोषाला भोक पडतं आणि धागा तुटतो. अखंड धागा हवा म्हणून जीव आत असतानाच कोष वाफेत किंवा उकळत्या पाण्यात टाकतात. एका साडीला असे हजारो कोष लागतात. आपण पाणी गाळून पितो, कंदमूळ टाळतो, आणि लग्नाच्या मांडवात हजारो जीवांचं मरण अंगावर घेऊन मिरवतो. आपल्या विदर्भातली टसरची करवत काठी साडीही याला अपवाद नाही. विणकरांच्या कलेबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण टसर म्हणजेही कोषच.

कुणी म्हणेल, "साडी तर घेऊन झाली, जीव तर गेले. आता नेसली काय नि कपाटात ठेवली काय!" मीही मनाशी हेच म्हटलं. पण आपल्याकडे पाप फक्त स्वतः करण्यात नाही. करवून घेण्यात आणि अनुमोदन देण्यातही आहे. मी कांजीवरम नेसून निघाले की चार जणी म्हणतात, "अय्या, किती सुंदर! कुठून घेतली?" आणि त्यातली एक गांधीबागेत जाऊन तशीच घेऊन येते. हे अनुमोदन नाही तर काय?

रेशमाबरोबर आणखी दोन वस्तू मी पेटीतून काढल्या. एक चामड्याची पर्स. दुसरी मोत्यांची माळ, कारण मोती काढायला शिंपला चिरावा लागतो. माळ आईची होती, म्हणून ती काढताना मन जड झालं, हे खोटं कशाला सांगू?

आता दुसरी, त्याहून मोठी अडचण. ज्या जेवणासाठी ही सगळी तयारी, ते जेवण मी जेवणारच नव्हते! जहाजावरच्या मोठ्या जेवणघरात लोक सात-साडेसातनंतर बसतात. डिसेंबरात आपल्याकडे नागपूरला साडेपाचच्या सुमारास दिवस मावळतो. मुंबई बरीच पश्चिमेला, तिथं सूर्य सुमारे अर्धा तास उशिरा जातो. म्हणजे मला अर्धा तास जास्त मिळाला, पण सात काही वाजले नाहीत. माझा चौविहार आहे, सूर्यास्तानंतर पाणीही नाही. मग टेबलाशी जायचंच कशाला, आणि गेले तर नटायचं कशाला?

इथं मला आपल्या शास्त्रातली एक साधी विभागणी आठवली. जे एकदाच वापरून संपतं तो भोग, जसं अन्न. जे पुन्हापुन्हा वापरता येतं तो उपभोग, जसं वस्त्र. श्रावकाच्या बारा व्रतांतलं भोगोपभोग परिमाण व्रत सांगतं, की दोन्हींना मर्यादा घाला. माझ्या श्वेतांबर मैत्रिणी रोज सकाळी चौदा नियम धारतात. त्यात खाण्याचे जिन्नस किती हे जसं येतं, तसं वस्त्रं किती, पादत्राणं किती, वाहनं किती हेही येतं. म्हणजे जहाज कंपन्यांचा 'ड्रेस कोड' आला त्याच्या कितीतरी आधीपासून आपल्याकडे ड्रेस कोड आहे. फरक एवढाच, की त्यांचा कोड विचारतो, "इतरांना कसं दिसेल?" आणि आपला विचारतो, "तुला किती पुरेल?"

जहाजावर काय घालावं हा प्रश्न आपल्याआधी फार मोठ्या माणसांना पडलेला आहे. मोहनदास गांधी ४ सप्टेंबर १८८८ ला मुंबईहून विलायतेला निघाले. निघण्याआधी आईच्या समाधानासाठी त्यांनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली. ती देणारे बेचरजी स्वामी जैन साधू होते. जहाजावर त्यांना काट्या-चमच्यानं खायची इतकी लाज वाटे, की ते टेबलावर जातच नसत. बरोबर आणलेली मिठाई आणि फळं खोलीत बसून खात. काळा सूट जहाजावर वापरला आणि पांढरा फ्लॅनेलचा सूट उतरताना घालायला राखून ठेवला. सप्टेंबरअखेर विलायतेत उतरले तर पांढरे कपडे घातलेले ते एकटेच! आत्मकथेत त्यांनी ही फजिती स्वतःच सांगितली आहे. कपडा चुकला, प्रतिज्ञा चुकली नाही. आज कपडा कुणाला आठवतो?

दुसरं उदाहरण आपल्या आनंदीबाई जोशींचं. १८८३ साली, जेमतेम अठरा वर्षांच्या असताना, त्या कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला गेल्या. नवरा बरोबर नव्हता. साडी आणि शाकाहार दोन्ही त्यांनी सोडले नाहीत. पण नऊवारीत घोटे उघडे राहतात, तिथल्या थंडीला आणि तिथल्या रीतीला ते चालण्यासारखं नव्हतं, म्हणून त्या गुजराती पद्धतीनं साडी नेसू लागल्या. किती शहाणपण आहे यात! नेसण्याची तऱ्हा बदलली, साडी बदलली नाही. मला वाटतं, तऱ्हा आणि तत्त्व यांतला फरक ज्या बाईला कळला, तिला जगातल्या कुठल्याही टेबलावर संकोच वाटणार नाही.

तर मी काय केलं ते सांगते. निघायच्या आधी टूरवाल्याकडून दोन गोष्टी विचारून घेतल्या : जैन जेवण मिळेल का, आणि सूर्यास्ताआधी मिळेल का. २०२१ पासून मुंबईहून कॉर्डेलियाचं 'एम्प्रेस' जहाज सुटायला लागलं, त्यावर जैन जेवण मिळतं, त्यामुळे पहिल्या प्रश्नात काही विशेष नव्हतं. दुसऱ्यासाठी दोनदा विचारावं लागलं. विदर्भ एक्स्प्रेसनं मुंबईला उतरलो, बॅलार्ड पिअरवरून जहाजात बसलो, आणि पाच वाजता आम्ही दोघांनी वरण, भात, पोळी, भाजी असं जेवण केलं. पाणी पिऊन पच्चक्खाण घेतलं. मग मी माझी सुती साडी नेसले. पांढरट, मरून काठाची, चार वर्षं धुतलेली आणि तरी ताठ. आठ वाजता सगळ्यांबरोबर टेबलाशी जाऊन बसले.

खोटं नाही सांगत, पहिली दहा मिनिटं अवघड गेली. चारही बाजूंनी झगमग. वाढणारा मुलगा तीनदा येऊन विचारून गेला, "मॅडम, काहीच नाही?" मला वाटलं, सगळे माझ्याकडेच बघताहेत. मग लक्षात आलं, कुणीही बघत नव्हतं. सगळे आपापल्या फोटोंत होते. त्यानंतर दीड तास मी नातवंडांशी पोटभर गप्पा मारल्या. ताटात लक्ष नसलं की माणसांत किती लक्ष जातं, हे त्या रात्री कळलं. रात्रीच्या टेबलावर न जेवताही बसता येतं. व्रताच्या नावाखाली खोलीत तोंड फुगवून बसायची गरज नसते.

आणि सूनबाईनं गाऊनच घातला. मी काही बोलले नाही. छान दिसत होती. त्या गाऊनसाठी एकही जीव उकळलेला नव्हता. तुमच्यापैकी काहींना हे पटणार नाही. तुम्ही म्हणाल, मर्यादाही धर्मच आहे. आहे, मान्य. पण मर्यादेचा हिशेब आपण फक्त सुनांच्या आणि मुलींच्या वहीत लिहितो, आणि अहिंसेचा हिशेब स्वतःच्या वहीत लिहायला विसरतो. मी कॉमर्सची पदवीधर, एवढं कळतं, की एकाच बाजूच्या नोंदींनी ताळेबंद जुळत नाही.

हिशेबाचं निघालंच आहे तर आणखी एक. ती कांजीवरम अठरा हजारांची. बारा वर्षांत सहा वेळा नेसले. एका वेळेचे तीन हजार. ही सुती साडी अठराशेची, साठ वेळा तरी नेसली असेन. एका वेळेचे तीस रुपये. अपरिग्रह म्हणजे फाटकं नेसणं नव्हे. जे आहे ते पुरेपूर वापरणं. एका रात्रीच्या फोटोसाठी नवीन कपडा घेणार असाल, तर आधी हा भागाकार करून बघा.

ज्या मैत्रिणी अशा सहलीला जाणार असतील त्यांच्यासाठी थोडक्यात :

• दोन सुती साड्या किंवा सुती पंजाबी ड्रेस पुरे. काठपदराची नीट इस्त्री केलेली सुती साडी कुठल्याही जेवणघरात शोभते. भारी पोशाखाची रात्र असली तरी ती कमी पडत नाही.

• साडी घोट्याच्या जरा वर नेसा. जहाज हलतं, जिने अरुंद असतात.

• चप्पल चामड्याची नको. मागून पट्टा असलेली, सपाट, रबरी तळव्याची घ्या.

• एसी कडक असतो. सुती शाल जवळ ठेवा.

• कपड्यांची यादी करण्याआधी सूर्यास्ताची वेळ बघा आणि लवकर जेवणाची सोय बुकिंगच्या वेळीच लेखी मागा.

• सून-मुलगी काय घालते हा तिचा प्रश्न. फार तर कपडा कशाचा आहे ते विचारा, आणि तेही आधी स्वतःचं कपाट उघडून.

माझं कपाट अजून पूर्ण साफ नाही. कांजीवरम तिथंच आहे. कुणाला देऊन टाकावी तर पुन्हा अनुमोदन आलंच, टाकून द्यावी तर ज्यांचे जीव गेले त्यांची आणखीच थट्टा. काय करावं हे मला कळलेलं नाही. नवीन रेशीम घ्यायचं नाही, एवढा नियम मात्र परतीच्या गाडीत घेतला. सूनबाईला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आई, मग पुढच्या वेळी मी पण सुती साडीच नेसते." मी म्हटलं, "नेस किंवा नको नेसू. पण पाच वाजता माझ्याबरोबर जेवायला बसशील का?" ती हसली, हो-नाही काही बोलली नाही. मीही विषय वाढवला नाही.

लिहिताना कुणाचं मन दुखावलं असेल तर मिच्छामि दुक्कडम्.