घरांतल्या घरांत : मोटारीवरचे हट्टी डाग

मे महिन्याच्या अखेरीस कोंकणांतून देशावर परतलेली मोटार आपल्या प्रवासाची सारी हकीकत अंगावर घेऊन येते. गेल्या वर्षीं आमची गाडी रत्नागिरीहून पुण्यास आली, तेव्हां टपावर बांधलेल्या फणसांचा चीक कांचेपर्यंत ओघळला होता. चाकांजवळच्या पत्र्यावर डांबराचे ठिपके उडाले होते, तोंडावर रात्रीच्या किड्यांचा थर बसला होता, आणि सर्वांगावर जांभ्याची तांबडी धूळ होती. आंत कुंभार्ली घाटांत धाकट्या पुतणीला झालेल्या उलटीचा वास होता तो निराळाच. दुसऱ्याच दिवशीं धाकट्या भावजींच्या सोयरिकीसाठीं मंडळी यावयाची होती.

घरांत मुलें पुष्कळ असलीं म्हणजे उत्साहाला तोटा नसतो. मी स्वयंपाकघरांतून बाहेर येईपर्यंत एका पुतण्यानें भांड्यांची तारेची घासणी घेऊन पुढच्या पत्र्यावर चंद्रकोरीसारखे चरे उमटविले होते. दुसरा डांबर काढण्यासाठीं वाटींत पेट्रोल घेऊन ओटीवर बसला होता, आणि दहा पावलांवर देवघरांत समई तेवत होती! मामंजींनीं प्रथम ती वाटी बाहेर नेववली. मग त्या चऱ्यांवरून हात फिरवून ते इतकेंच म्हणाले, “पोरांनीं मेहनत केली खरी.”

पुढचें काम जाऊबाईंनीं व मीं केलें. त्यांतून जें शिकलें तें येथें सांगतें.

पहिली गोष्ट, कोरडी धूळ कधींही पुसूं नये. मोटारीच्या रंगावर अगदीं वरती जो पारदर्शक लेप असतो, तो साधारणपणें माणसाच्या केसाहूनही पातळ असतो. धुळींतील कण फडक्याखालीं सांपडले कीं ते त्यावर चरे पाडतात. म्हणून गाडी सावलींत उभी करावी, पत्रा निवूं द्यावा, आणि भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊं द्यावी. राख, विटकर, तारेची घासणी हीं भांड्यांच्या मोरींतच शोभतात. मायक्रोफायबरचें फडकें असल्यास उत्तम. नसल्यास मऊ झालेलें जुनें सुती धोतर चालेल.

दुसरी गोष्ट, डाग कशाचा आहे हें ओळखल्यावांचून त्याला हात लावूं नये. फणस चिरतांना आपण हाताला व विळीला खोबरेल लावतों, कारण चीक पाण्याला दाद देत नाहीं, तेलांत मात्र सुटतो. तोच न्याय मोटारीला लागू आहे. चिकावर खोबरेलाचा बोळा दहा मिनिटें ठेवला, तों तो बोटानें सरकूं लागला. डांबरही तेलांतच विरघळतें. मात्र त्याला धीर लागतो. दोनतीनदां तेल लावावें, फडक्याची बाजू बदलीत हलक्या हातानें पुसावें आणि शेवटीं तेलकटपणा साबणाच्या पाण्यानें काढावा. दारांच्या रबरी पट्ट्यांना तेल लागूं देऊं नये; रबर फुगून सैल पडतें.

पेट्रोलाचा मोह मात्र सर्वस्वीं टाळावा. शून्याखालीं सुमारें ४० अंशांवरही त्याची वाफ पेट घेण्याजोगी होते. ती वाफ हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत पसरते व दूरच्या ज्योतीपर्यंत पोंचते. वाटी ओटीवर होती म्हणून समई सुरक्षित होती, असें मानण्यांत अर्थ नाहीं.

किड्यांचा थर खरवडूं नये. साबणाच्या कोमट पाण्यांत भिजविलेलें फडकें त्यावर दहा मिनिटें पसरून ठेवावें, म्हणजे तो आपोआप मऊ होतो. पक्ष्यांची विष्ठा दिसतांक्षणींच अशीच भिजवून काढावी. उन्हांत ती रंगाला खाते व डाग कायमचा राहतो. बोअरिंगच्या पाण्याचे पांढरे ठिपके हे क्षारांचे असतात. शिरका व पाणी समभाग घेऊन त्यानें ते पुसावे, आणि मिनिटभरांतच साध्या पाण्यानें धुवावे. शिरक्यांत कपड्यांचें ब्लीच मात्र कदापि मिसळूं नये. त्यांतून विषारी क्लोरीन वायु निघतो.

डाग निघाल्यावर सारी गाडी धुवावी. दोन बादल्या घ्याव्या, एकींत साबणाचें पाणी व दुसरींत फडकें खळबळण्याचें. भांड्यांचा साबण रंगावरचें मेणही काढून नेतो, म्हणून केंस धुण्याचा सौम्य शांपू थोडासा घ्यावा. वरून खालीं धुवीत यावें. चाकांचें फडकें निराळें असावें. वाळल्यावर मोटारीसाठीं मिळणाऱ्या मेणाचा पातळ हात दिला, तर पुढचे डाग इतके घट्ट बसत नाहींत.

आंतल्या उलटीच्या जागीं आधीं थंड पाण्यानें टिपून घेतलें आणि मग खाण्याचा सोडा पसरून रात्रभर ठेवला. सोडा आंबट वास शोषून घेतो. सकाळीं तो ब्रशानें झाडला तेव्हां वास नाहींसा झाला होता.

मंडळी आली, सोयरीक जुळली, आणि गाडीकडे कोणीं ढुंकूनही पाहिलें नाहीं! पुढच्या पत्र्यावरचे चरे मात्र अजून आहेत. तेवढा पत्रा रंगवून घ्यावा असें भावजींनीं सुचविलें, तेव्हां मामंजी म्हणाले, “राहूं द्या. रंग पुनः देतां येईल. त्या दिवशीं ओटीवर काय झालें असतें, ह्याची पोरांना आठवण राहिली पाहिजे.” तेव्हांपासून मोटार धुण्याचें काम त्याच दोघा पुतण्यांकडे आहे, आणि खोबरेलाची बाटली मागावयास ते आधीं माझ्याकडे येतात.