आधी गळती, मग बँक

मार्च-एप्रिल उजाडला की नोकरदार घरांत एक वाद हमखास रंगतो. बोनस जमा झालेला असतो किंवा एखादी मुदत ठेव पिकून हातात आलेली असते. घरातल्या एकाला ती रक्कम गृहकर्जात भरून मोकळे व्हायचे असते, दुसऱ्याला न्हाणीघर फोडून नवे करायचे असते. अशा वेळी थोरामोठ्यांचा सल्ला ठरलेला असतो : आधी कर्ज फेडा, मग काय हौस करायची ती करा. हा सल्ला इतका सोज्वळ वाटतो की त्याला उलटा प्रश्न विचारायचे कुणाला सुचत नाही. पण विचारायला हवा, कारण त्यात दुरुस्ती आणि हौस यांची सरळ मोट बांधून दोन्ही बाजूला सारलेल्या असतात.

आधी या पक्षाची बाजू पुरी ऐकू. ५० लाखांचे कर्ज, मुदत २० वर्षे, व्याज साडेआठ टक्के. हप्ता येतो ४३,३९१ रुपये. पहिल्या हप्त्यातले ३५,४१७ रुपये व्याजातच जातात आणि मुद्दल फिटते जेमतेम ७,९७४ रुपयांचे. २० वर्षांत बँकेच्या पदरी पडतात १ कोटी ४ लाख. आता पहिल्या वर्षाअखेर ५ लाख जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर कर्ज ४ वर्षे आधी संपते आणि व्याजाचे सुमारे १६ लाख वाचतात. ५ लाखांत १६ लाखांची बचत! हा आकडा ऐकला की न्हाणीघराचा विषय तिथेच मिटतो.

आकडेमोड बरोबरच आहे, पण आकडा वाचताना गफलत होते. ते १६ लाख आज हातात पडत नाहीत. ५ लाख भरल्यावर जे हप्ते टळतात ते शेवटच्या ४ वर्षांतले, म्हणजे आजपासून १५ वर्षांनंतरचे. त्या वेळच्या ४३ हजारांना बाजारात किती किंमत असेल, हे ज्याने १५ वर्षांपूर्वीचा पगार आठवून पाहिला त्याला सांगायला नको. खरा हिशेब एवढाच, की जादा भरलेल्या रुपयावर साडेआठ टक्के सुटतात. तेही थोडे नाहीत. सात टक्क्यांच्या मुदत ठेवीतून ३० टक्क्यांच्या टप्प्यातल्या करदात्याच्या हाती उपकरासह कर जाऊन ४.८ टक्केच उरतात. मुदतपूर्व परतफेडीला ना कर, ना जोखीम. पण परतावा साडेआठच टक्के, त्याच्या वर एक पैसा नाही.

यातूनच दुसरा गैरसमज फोफावला आहे : भरायचे तर पहिल्या पाच वर्षांत भरा, नंतर भरून उपयोग नाही. पुरावा म्हणून दाखवतात, की हेच ५ लाख पंधराव्या वर्षाअखेर भरले तर वाचतात फक्त २ लाख २२ हजार. वाचणारच, कारण त्या पैशाला काम करायला ५ वर्षेसुद्धा उरलेली नसतात. दर मात्र तोच साडेआठ. तेव्हा परतफेड एक वर्ष लांबवली तर नुकसान होते ते ५ लाखांवरच्या एका वर्षाच्या व्याजाचे, ४२,५०० रुपयांचे. त्यातून तेवढ्या काळात ठेवीवर मिळालेले व्याज वजा करायचे. १६ लाखांची संधी दारातून परत जात नाही.

आता साडेआठ टक्क्यांच्या शेजारी गळती ठेवून पाहू.

कोकणपट्टीत, मुंबई-ठाण्याच्या खाऱ्या, दमट हवेत इमारत कशी खचते हे गवंड्याला नीट ठाऊक असते. न्हाणीघरातल्या टाइलवर बोटाच्या पेराने ठोकले की भरीव टाइल ठणठणीत बोलते आणि खालचा माल सुटलेली टाइल बद्द वाजते. सांध्यांतला सिमेंट झिजला, नहाणी ट्रॅपच्या भोवती केसाएवढी फट पडली की पाणी टाइलखालच्या कोब्यात उतरते. तिथून त्याला जायला जागा एकच, स्लॅब. सहा-आठ महिने वरच्या घरात काहीच दिसत नाही. खालच्या बिऱ्हाडाच्या छतावर मात्र पिवळा डाग उमटतो, मग रंगाचे पोपडे सुटतात. ओल सळईपर्यंत पोचली की गंज चढतो. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून फुगणारी सळई भोवतीचे काँक्रीट फोडून बाहेर ढकलते आणि एक दिवस छताचा ढपला खाली येतो. पहिल्या टप्प्यावर काम असते सांधे भरण्याचे आणि ट्रॅप बदलण्याचे. शेवटच्या टप्प्यावर टाइल, कोबा, सळयांची सफाई, पॉलिमर मॉर्टर, खालच्यांचे छत आणि खालच्यांशी तुटलेले बोलणे, एवढे सगळे दुरुस्त करावे लागते. समजा, ६० हजारांचे काम दोन वर्षे टाळल्याने दीड लाखावर गेले. ही वाढ दरसाल ५८ टक्क्यांची झाली. साडेआठ टक्के वाचवण्यासाठी ५८ टक्क्यांनी वाढणारे देणे अंगावर घेणाऱ्याला काटकसरी म्हणायचे असेल तर खुशाल म्हणावे.

जुन्या वायरिंगची गोष्ट याहून गंभीर. ज्या घराची तारजोडणी दोन पंखे आणि एका फ्रिजच्या बेताने झाली होती, तिथे आज दोन एसी, गीझर आणि मायक्रोवेव्ह चालतात. अर्थिंग तपासणे आणि गळतीचा प्रवाह तोडणारा आरसीसीबी बसवणे, याची तुलना कुठल्याच व्याजदराशी होत नाही.

दुरुस्तीची ही वकिली ऐकून दुसरा पक्ष खूश होईल. तो म्हणतो, गृहकर्जासारखे स्वस्त कर्ज नाही, ते फेडायची घाई कशाला? करात सवलत मिळते, घरावर घातलेला पैसा घराची किंमत वाढवतो, तेव्हा मॉड्युलर किचन करा, फॉल्स सीलिंग करा, लागल्यास त्याच घरावर टॉप-अप कर्ज घ्या. यातले एकेक विधान तपासू.

करसवलत : नव्या करपद्धतीत राहत्या घराच्या व्याजावर वजावट मिळतच नाही, आणि २०२३-२४ पासून वेगळी निवड न केल्यास तीच पद्धत लागू होते. जुनी पद्धत निवडणाऱ्याला २ लाखांपर्यंतच वजावट. दुरुस्तीसाठी काढलेल्या कर्जाच्या व्याजाला तर तिथेही ३० हजारांचीच मर्यादा. शिवाय ३० पैसे कर वाचावा म्हणून बँकेला रुपया देत राहणे हा कुठला व्यवहार?

किंमत वाढते म्हणे. डोंबिवलीत असो की कोथरूडमध्ये, फ्लॅटचा भाव ठरतो चौरस फुटावर, स्टेशन किती लांब, मजला कितवा, पार्किंग आहे का, यांवर. पाच लाखांचे किचन मालकाच्या डोळ्यांना सुखावते. ते भोगावे, अवश्य भोगावे, पण त्याला गुंतवणूक म्हणू नये. येणारा गिऱ्हाईक बहुधा तेच आधी फोडतो. गिऱ्हाईक भाव पाडतो तो भिंतीवरची ओल पाहून. म्हणजे बाजारसुद्धा दुरुस्ती आणि सजावट वेगवेगळी मोजतो.

आणि स्वस्त कर्ज? २०२१ साली पावणेसात टक्क्यांनी ५० लाख घेतलेल्याला हे विचारावे. त्याचा हप्ता होता ३८,०१८ रुपये. बँकांना ऑक्टोबर २०१९ पासून बदलत्या दराची नवी गृहकर्जे रेपोसारख्या बाहेरच्या दराशी जोडावी लागतात. रिझर्व्ह बँकेने मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून साडेसहा टक्क्यांवर नेला आणि त्याचे कर्ज सव्वानऊ टक्क्यांवर गेले. तोवर मुद्दल उरले होते सुमारे ४८ लाख. त्यावर महिन्याचे व्याज ३७,००० रुपये. म्हणजे हप्त्यातून मुद्दलाला मिळत होते हजारभर रुपये, आणि हप्ता तोच ठेवला असता तर फेड व्हायला आणखी ३९ वर्षे लागली असती! अनेकांच्या कर्जाची मुदत अशीच त्यांच्या निवृत्तीच्या पलीकडे सरकली. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेला बँकांना बजावावे लागले, की दर बदलताना हप्ता वाढवायचा की मुदत, हे कर्जदाराला विचारा. इथे मुदतपूर्व परतफेडीची बाजू निर्विवाद जिंकते. ज्याचे कर्ज साठीच्या पुढे जाते त्याने सजावटीचा विचारही करू नये. आणि दर उतरतात तेव्हा हप्ता कमी करून घेऊ नये. तोच चालू ठेवला की न बोलता परतफेड होत राहते.

मग दोन्ही टोके सोडून धरायचे काय? दुरुस्तीचा निधी आधी, परतफेड त्यानंतर, आणि सजावट सर्वांत शेवटी, तीही साठवलेल्या पैशांतून. दुरुस्तीनिधी आधी असण्याचे कारण गळतीपुरते नाही. बँकेत भरलेला जादा पैसा परत येत नाही. लागला तर टॉप-अपसाठी पुन्हा अर्ज, पुन्हा पगारपत्रके, पुन्हा शुल्क. घाईत माणूस वैयक्तिक कर्ज घेतो. ३ लाख, १४ टक्के, तीन वर्षे, एवढ्याचे व्याज होते सुमारे ६९ हजार. तेच ३ लाख ठेवीत राखून ठेवले तर गृहकर्जाचा दर आणि करोत्तर ठेवीचा दर यांतल्या तफावतीमुळे वर्षाला ११ हजारांच्या आसपास तोटा होतो. हा हाताशी रोकड असण्याचा विमा आहे आणि तो स्वस्त आहे. तोही तोटा नको असेल तर स्टेट बँकेच्या मॅक्सगेनसारखे ओव्हरड्राफ्ट पद्धतीचे गृहकर्ज असते. त्यात जादा पैसा ठेवला तर तेवढ्या रकमेवरचे व्याज थांबते आणि गरजेला तो काढता येतो. काढता येतो, हीच त्यातली मेख. ज्याला सेलच्या दिवसांत हात आवरत नाही त्याने त्या वाटेला जाऊ नये.

निधी किती असावा, याचे उत्तर महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सापडते. सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या दरसाल किमान ०.७५ टक्के दुरुस्ती व देखभाल निधीला आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडाला द्यावेत, असे ते सांगतात. मिळून एक टक्का, आणि तो बाजारभावाचा नसून बांधकाम खर्चाचा. हाच मापदंड दाराच्या आतल्या भागाला लावावा. बांधकाम खर्च २५ लाख धरला तर वर्षाला २५ हजार, महिन्याला दोन हजारांवर थोडे. कुणाला ही रक्कम किरकोळ वाटेल, पण दहा वर्षे कुणी ती बाजूला काढत नाही हेच दुखणे आहे. शिवाय १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा संरचनात्मक परीक्षण व्हावे, असेही उपविधी म्हणतात. परीक्षणामागून मोठ्या दुरुस्तीची वर्गणी येते. ती नोटीस फलकावर लागते तेव्हा सगळी शिल्लक बँकेत भरून बसलेला सभासद सर्वसाधारण सभेत सर्वांत मोठ्याने भांडत असतो.

खर्चापूर्वी जबाबदारी कुणाची हेही पाहावे. ताबा मिळून पाच वर्षे झाली नसतील, तर रेरा कायद्यानुसार बांधकामातले किंवा कामाच्या दर्जातले दोष घरमालकाने कळवल्यापासून ३० दिवसांत विकासकाने विनामूल्य दुरुस्त करायचे असतात. लेखी नोटीस द्यावी, स्वतःचा पैसा घालू नये. गच्चीतून पावसाचे पाणी येत असेल किंवा सामाईक नळ गळत असेल तर तो खर्च संस्थेचा. आणि इमारत पुनर्विकासाला निघाली असेल तर आतल्या सुधारणांवर दमडी घालवण्यात अर्थ नाही. तिथे जादा पैसा डोळे मिटून कर्जात जावा.

राहिला वेळेचा प्रश्न. बदलत्या दराच्या गृहकर्जावर वैयक्तिक कर्जदाराकडून मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क घ्यायला रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१२ पासूनच मनाई केली आहे. रक्कम एकदम भरा की तुकड्यांनी, आज भरा की सहा महिन्यांनी, दंड नाही. म्हणून एप्रिलचा बोनस एप्रिलमध्येच बँकेत नेण्याची गरज नाही. घर तपासावे, पावसाळा जाऊ द्यावा. जुलै-ऑगस्टमध्ये भिंती आपले म्हणणे सांगतील ते ऐकून, दिवाळीनंतर कोरड्या हवेत काम करून घ्यावे. उरलेली रक्कम मग कर्जात भरावी आणि भरताना बँकेला लेखी कळवावे, की हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा.