खडवलीचा प्रवासी आणि विमानतळावरची खिडकी

भातसेच्या काठावरील खडवली हे कल्याण-कसारा मार्गावरचे लहानसे स्थानक. एके काळी या परिसरातील तरुण कल्याण वा ठाण्याच्या कारखान्यात चिकटला, तरी घराचे भाग्य उजळले असे मानले जाई. आज टिटवाळा, कल्याण, डोंबिवलीच्या कितीतरी मध्यमवर्गीय घरांचे एक माणूस दुबईत, सिंगापुरात वा न्यू जर्सीत असते. लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेली आई हे दृश्य आता नवलाचे राहिलेले नाही. त्यातच २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून प्रवासी वाहतूक सुरू झाली आणि ठाणे जिल्ह्याच्या या पट्ट्याला मुंबईशिवाय दुसरे आकाश मोकळे झाले.

प्रवासाची तयारी मात्र जुन्याच पद्धतीने होते. मेतकूट, लोणचे, गरम कपडे, औषधांच्या चिठ्ठ्या, सामानाचे दहादा वजन, यांत महिना जातो. परकीय चलनाचा विषय निघाला की घरातील कर्ता पुरुष सांगतो, "ते विमानतळावर बघू." हे वाक्य फार महागात पडते.

विमानतळावरील चलनाच्या खिडकीला जागेचे भाडे भारी पडते आणि समोर उभ्या असलेल्या गिऱ्हाइकाला दुसरीकडे जाण्यास वेळ उरलेला नसतो. अडला हरी कोणाचे पाय धरतो, हे मराठी माणसास वेगळे सांगण्याची गरज नाही. डिसेंबर २०२५ मध्ये डॉलरने नव्वद रुपयांची पातळी ओलांडली. तेथून पुढे एका डॉलरमागे पाच रुपये जरी अधिक मोजावे लागले, तरी हजार डॉलरमागे पाच हजार रुपये केवळ विसंबून राहिल्याबद्दल जातात. शिवाय रोख रुपये देऊन ५० हजार रुपयांपर्यंतचेच परकीय चलन विकत घेता येते. त्यापुढील रक्कम धनादेशाने, कार्डाने वा खात्यातून द्यावी लागते. पिशवीत लाखभर रुपये घेऊन पोहोचलेल्या माणसाला हा नियम प्रथम त्या खिडकीवरच कळतो. छोट्या विमानतळांची गोष्ट आणखी निराळी. नवी मुंबईचा आरंभ देशांतर्गत उड्डाणांनीच झाला. नाशिक, कोल्हापूर येथून निघणारा प्रवासीही दिल्लीसारख्या ठिकाणी विमान बदलून परदेशी जातो. देशांतर्गत विमानतळावर परकीय चलनाची खिडकी असेलच आणि ती पहाटे उघडी असेलच, असे गृहीत धरणे धोक्याचे आहे.

ही हेळसांड अधिक खटकते, कारण हा अधिकार भारतीय नागरिकास सहजासहजी मिळालेला नाही. परकीय चलनाच्या टंचाईच्या काळात शिक्षणासाठी निघालेल्या विद्यार्थ्याला खिशात अवघे आठ डॉलर घेऊन विमानात बसावे लागे. १९७३ च्या 'फेरा' कायद्याने सामान्य माणसाकडेही संशयितासारखे पाहिले. १९९१ मध्ये देशाला सोने गहाण टाकण्यासाठी परदेशी पाठवावे लागले. तो अपमान ज्यांनी पाहिला, त्यांना डॉलरचे मोल ठाऊक आहे. पुढे १९९९ चा 'फेमा' कायदा १ जून २००० पासून अमलात आला. फेब्रुवारी २००४ मध्ये रिझर्व्ह बँकेने उदारीकृत प्रेषण योजना आणली, तेव्हा व्यक्तीमागे वार्षिक मर्यादा २५ हजार डॉलर होती. ती आज अडीच लाख डॉलर आहे. आठ डॉलरपासून अडीच लाखांपर्यंतचा हा प्रवास देशाने घाम गाळून केलेला आहे.

कायद्याने दार उघडले, पण ते खडवलीच्या माणसापासून अद्याप लांबच आहे. गावातील वा लहान शहरातील बँकेच्या शाखेत डॉलर मागणाऱ्या खातेदाराला बहुधा मोठ्या शाखेकडे बोट दाखवले जाते. मोठ्या शाखेत नोटा शिल्लक नसतात, मग 'चार दिवसांनी या' असे उत्तर मिळते. पारपत्र, व्हिसा, तिकीट आणि पॅन एवढ्या कागदांवर जे काम व्हावयाचे, त्यासाठी ज्येष्ठ नागरिकाने लोकलमधून दोन-तीन खेपा घालाव्यात काय?

या रिकाम्या जागेत शिरतो तो 'ओळखीचा माणूस'. तो घरपोच डॉलर आणून देतो, दर बरा लावतो आणि पावती देत नाही. अनेक सज्जन कुटुंबांना यात काही वावगे वाटत नाही. परंतु अधिकृत विक्रेत्याखेरीज अन्य कोणाकडून चलन घेणे हा 'फेमा'चा भंग आहे आणि त्यासाठी व्यवहाराच्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंड होऊ शकतो. हवालाची वाट कोठे जाते, हेही देशाने पाहिले आहे. १९९१ मध्ये दिल्लीत काश्मिरी दहशतवाद्यांना पैसा पोहोचवणाऱ्या साखळीचा तपास सुरू झाला आणि त्याच धाग्यातून जैन हवाला प्रकरण उघडकीस आले. देशभक्तीच्या गप्पा मारणाऱ्याने पाचशे रुपये वाचवण्यासाठी त्याच वाटेवर पाऊल टाकावे, ही विसंगती आहे.

प्रवाशानेही काही गोष्टी आधीच समजून घेतल्या पाहिजेत. बहुतेक देशांसाठी एका खेपेस तीन हजार डॉलरपर्यंतच्याच नोटा घेता येतात. उरलेली रक्कम प्रवासी चलन-कार्डावर भरून न्यावी. भारतीय रुपयांच्या २५ हजारांपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात आणि त्या ठेवाव्यातच, कारण परतताना मध्यरात्री उतरलेल्या माणसाला खडवलीपर्यंतची टॅक्सी डॉलरवर मिळत नाही. परदेशी दुकानात यंत्र 'रुपयांत देणार की स्थानिक चलनात' असे विचारते, तेव्हा स्थानिक चलन निवडावे. रुपयांची ती आपुलकी सहसा महाग पडते. परत आल्यावर दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात, अधिकच्या १८० दिवसांत बँकेत द्याव्या लागतात. भूतान, नेपाळ, श्रीलंका, मॉरिशस येथे 'यूपीआय' पोहोचले, याचा अभिमान अवश्य बाळगावा, मात्र त्याच भरवशावर अमेरिकेच्या विमानात बसू नये. नियम बदलतातही. डिसेंबर २०१८ मध्ये नेपाळने शंभरपेक्षा मोठ्या भारतीय नोटांवर बंदी घातली, तेव्हा पशुपतिनाथाला निघालेल्यांना शंभराच्या नोटा जमवत बसावे लागले.

मुख्य जबाबदारी अर्थात बँकांची आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये 'एफएक्स-रिटेल' ही व्यवस्था सुरू झाली, ती छोट्या ग्राहकाला बाजारातील दर उघडपणे दिसावा म्हणूनच. किती शाखांच्या फलकावर तिचे नाव आहे? निकषांत बसणाऱ्या नागरी सहकारी बँकांना रिझर्व्ह बँक परकीय चलन व्यवहाराची अनुमती देते. सारस्वत बँक हे काम दीर्घकाळ करीत आली आहे. कल्याण-डोंबिवली ही तर सहकारी बँकिंगची जुनी भूमी. येथील माणसाने पै-पै जमवून या बँका उभ्या केल्या आणि त्याच माणसाची मुले आज जगभर पसरली आहेत. मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी कल्याण स्थानकाजवळच्या शाखांमध्ये चलनाची एक खिडकी, दारावर त्या दिवसाचा दर आणि मागणी नोंदवल्यापासून दोन दिवसांत नोटा व पावती, एवढे या बँकांना ठरवता येईल. संचालक मंडळांच्या पुढच्या बैठकीत हा विषय सभासदांनी लेखी पत्राने मांडावा.