दोष पडद्याचा की डोळ्यांचा?

"डॉक्टर, मोतीबिंदूचे ऑपरेशन फुकट गेले म्हणायचे!" भोर तालुक्यातील शिवरे येथून आलेले एक निवृत्त गुरुजी खुर्चीत टेकता टेकता म्हणाले. वाचन सोपे व्हावे म्हणून मुलाने २७ इंची फोर-के पडदा आणून लॅपटॉपला जोडून दिला होता. तरीही अक्षरे मुंगीएवढी दिसत आणि माउसचा बाण अडखळत सरके. गुरुजींनी वाचनच सोडले होते. सूनबाईंना त्यांच्या गप्प बसण्याचीच अधिक काळजी वाटत होती.

मी त्यांच्या हाती वर्तमानपत्र दिले आणि चष्मा लावून, एकेक डोळा अलगद झाकून वाचण्यास सांगितले. दोन्ही डोळ्यांनी त्यांनी बारीक मजकूरही सलग वाचला. दाराची चौकट त्यांना सरळ दिसत होती. मग प्रश्न पडद्याकडे वळला.

साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० × १०८० ठिपके असतात, तर फोर-के पडद्यावर ३८४० × २१६०, म्हणजे चौपट. एक अक्षर तेवढ्याच ठिपक्यांत काढले, तर त्याच आकाराच्या फोर-के पडद्यावर त्याची उंची निम्मी होते. अधिक ठिपके म्हणजे अधिक रेखीव अक्षर. मोठे अक्षर नव्हे. जास्त मजकूर मावावा म्हणून नातवाने 'स्केल' १०० टक्क्यांवर ठेवले होते. विंडोज लॅपटॉपवर सेटिंग्ज, सिस्टिम, डिस्प्ले या क्रमाने गेल्यास 'स्केल' सापडते. ते २०० टक्के करताच अक्षरे दुप्पट झाली. पुष्कळ जण अशा वेळी रिझोल्यूशनच कमी करतात. त्याने अक्षर मोठे होते, पण त्याच्या कडा पुसट होतात. म्हणून रिझोल्यूशन तसेच ठेवावे आणि स्केल वाढवावे.

बाण अडखळण्याचे कारण अ‍ॅडॅप्टरमध्ये होते. जुन्या एचडीएमआय १.४ प्रकारच्या अ‍ॅडॅप्टरमधून फोर-के चित्र सेकंदाला साधारण ३० वेळाच बदलते. एचडीएमआय २.० ते ६० वेळा बदलू शकते. त्यासाठी लॅपटॉप, अ‍ॅडॅप्टर, केबल आणि पडदा या चारही दुव्यांची तेवढी क्षमता हवी. एक दुवा कमी पडला की सारी साखळी त्याच्या गतीने चालते. खरेदी करताना 'फोर-के, ६० हर्ट्‌झ' असे स्पष्ट लिहिलेले पाहावे. लॅपटॉपचे प्रत्येक टाइप-सी छिद्र चित्र वाहून नेतेच असे नाही. काही केवळ चार्जिंग व माहितीसाठी असतात. माहितीपुस्तिकेत 'डिस्प्लेपोर्ट' किंवा चित्र बाहेर देण्याचा उल्लेख आहे का, ते आधी तपासावे.

पडदा नीट झाल्यावरही चष्म्याचा प्रश्न उरतो. वाचनाचा चष्मा साधारण ४० सेंटिमीटर अंतरासाठी असतो, तर पडदा हातभर लांब असतो. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर बसवलेले नेहमीचे भिंग एकाच अंतरासाठी असल्याने या मधल्या अंतराला वेगळा नंबर लागू शकतो. नेत्रतज्ज्ञांकडे जाताना पडद्याचे अंतर मोजून न्यावे. बायफोकल वा प्रोग्रेसिव्ह चष्मा वापरणारे खालच्या भागातून पाहण्यासाठी हनुवटी उचलतात आणि मग मान दुखते. त्यांनी पडदा नेहमीपेक्षा थोडा खाली ठेवावा. पडद्याकडे पाहताना पापण्या कमी लवतात व डोळे कोरडे पडतात. म्हणून दर २० मिनिटांनी २० सेकंद, सुमारे २० फूट दूर पाहावे.

घरातील काळजीवाहकांना एक कळकळीची विनंती. केबल चालण्याच्या वाटेवरून नेऊ नका. ती भिंतीलगत पट्टीने चिकटवा. रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना केबलमध्ये पाय अडकून खुब्याचे हाड मोडले, तर वृद्ध माणसाचे महिनोन्‌महिने अंथरुणात जातात.

मात्र प्रत्येक तक्रार केबलवर ढकलू नये. कागदावरचा मजकूरही अंधूक दिसत असेल, सरळ रेषा वाकड्या दिसत असतील किंवा मधोमध काळा डाग दिसत असेल, तर तो दोष पडद्याचा नव्हे. लवकरात लवकर नेत्रतज्ज्ञांना दाखवावे. अचानक दृष्टी जाणे, डोळ्यांपुढे वीज चमकल्यासारखे होणे, एकाएकी काळे ठिपके तरंगू लागणे किंवा पडदा ओढल्यासारखे वाटणे, यांपैकी काहीही घडल्यास त्याच दिवशी जावे. मधुमेहींनी तर तक्रार नसतानाही वर्षातून एकदा डोळ्यांचा मागचा पडदा तपासून घ्यावा.

गुरुजींचे अ‍ॅडॅप्टर बदलले, पडदा थोडा खाली आला, मधल्या अंतराचा चष्माही मिळाला. परवा ते रक्तदाब तपासायला आले, तेव्हा सूनबाई म्हणाल्या, "आता जेवायला दोनदा हाक मारावी लागते." त्यांच्या त्या तक्रारीत समाधानच अधिक होते.