वाढत्या अंगाचं हेल्मेट

मध्यमवर्गीय मराठी घरात वाढलेल्या माणसाला कपड्यांच्या दुकानात एकच वाक्य येतं : "वाढत्या अंगाचं द्या." जूनमध्ये गणवेश घेताना आई हे म्हणाली की पुढची दोन वर्षं बाह्या दुमडण्यात जायची. तिसऱ्या वर्षी बाही मापात आली की नेमकी कॉलर विरलेली असायची. हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आमच्या कन्येचा पहिला हॉर्स शो.

न्यू जर्सीत आयटीवाला म्हणून राहताना घोड्याशी कधी संबंध येईल असं वाटलं नव्हतं. (या राज्याचा अधिकृत प्राणी १९७७ पासून घोडा आहे, हेही मला लेक तबेल्यात जायला लागल्यावर कळलं.) वर्षभर ती दर शनिवारी लेगिंग्ज आणि तबेल्यातलंच हेल्मेट घालून शिकत होती. मग एक दिवस ट्रेनरबाई म्हणाल्या, पुढच्या महिन्यात छोटासा शो आहे, हंटर प्रकारात हिला उतरवूया. चाल आणि दुडकी, बस्स. उडीबिडी काही नाही. सोबत हातात कपड्यांची यादी.

यादी घेऊन मी दुकानात गेलो आणि शुद्ध गाढवपणा केला. २२० डॉलरचा नेव्ही ब्लू कोट घेतला. वाढत्या अंगाचा, अर्थातच. आणि हा खड्डा भरून काढायला हेल्मेट मात्र ऑफिसातल्या एकाकडून त्याच्या मुलीचं जुनं आणलं, फुकट. जरासं मोठं होतं. पण आत फोमची पट्टी चिकटवली की बसेल, असं माझ्यातल्या इंजिनियरने ठरवून टाकलं.

ट्रेनरबाईंनी ते हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि एकच प्रश्न विचारला. "हे घालून ती मुलगी किती वेळा पडली होती?"

मला काय माहीत?

आणि हेल्मेटकडे बघून ते कळतही नाही, हीच तर गोची आहे. आतला फोमचा थर एकदाच कामाला येतो. डोकं आपटलं की तो चेपतो, चेपताना धक्का स्वतः खातो, आणि परत फुगत नाही. बाहेरचं कवच मात्र चकचकीतच राहतं. म्हणजे क्रॅश होऊन गेलेली पण लॉगमध्ये एक ओळही न सोडलेली सिस्टीम. अशी सिस्टीम मी ऑफिसात कुणाकडून फुकटात घेतली नसती. इथे पोटच्या पोरीच्या डोक्यावर ठेवायला निघालो होतो.

तर सांगायचा मुद्दा असा की पहिल्या शोला नव्याकोऱ्या, मापाच्या आणि पैसे मोजून घेतलेल्या दोनच गोष्टी लागतात : हेल्मेट आणि बूट. बाकी सगळी खोगीरभरती. उसनी आणा, जुनी आणा, चालतं.

हेल्मेटच्या आत एएसटीएम एफ११६३ हा मानक आणि एसईआयचा शिक्का आहे का ते बघायचं. सायकलचं हेल्मेट चालत नाही. घोड्यावरून पडण्याच्या चाचण्या वेगळ्या असतात, टोकदार कडेवर आपटण्याची चाचणीही त्यात येते. शिक्का असलेलं साधं हेल्मेट शंभर डॉलरच्या आतही मिळतं. महागड्या हेल्मेटवर मखमल नि चकाकी जास्त, पण पास व्हायची परीक्षा तीच. केस शोच्या दिवशी जसे बांधणार तसेच बांधून माप घ्यायचं, कारण अंबाडा आत कोंबला की माप बदलतं. आणि हे वाढत्या अंगाचं घेताच येत नाही! ढिलं हेल्मेट पडताना सरकतं. मग ते असून नसल्यासारखंच.

बुटाचं कारण टाचेत आहे. साधारण इंचभर टाच असली की पाऊल रिकिबीतून आरपार जात नाही. पाय अडकून घोड्यामागे फरफटत जाणं हा या खेळातला सगळ्यात वाईट प्रकार, आणि सपाट तळाचे स्नीकर्स त्याला आमंत्रणच. छोट्या मुलांना गुडघ्यापर्यंतचे उंच बूट लागत नाहीत. घोट्यापर्यंतचे पुरतात. त्यावर जोधपूर पँट आणि गुडघ्याखाली चामड्याचा पट्टा.

ही जोधपूर म्हणजे आपल्याच जोधपूरची. सर प्रतापसिंह १८९७ साली व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवाला आपला पोलो संघ घेऊन इंग्लंडला गेले, आणि मांडीला फुगीर, पोटरीला घट्ट अशी ती विजार साहेबाला आवडली. आता ताणणारं कापड आल्यावर फुगा गेला, नाव राहिलं. दुकानातल्या पोरीला मी हे अभिमानाने सांगितलं. तिने "ओह, वॉव" म्हणून बिल पुढे केलं.

असो. कोटाकडे येऊ. हंटर प्रकार कोल्ह्याच्या शिकारीच्या परंपरेतून आलाय. त्यात मुख्यतः घोडा बघतात, त्याची चाल, त्याचा शांतपणा. त्यामुळे स्वाराचे कपडे नजरेत भरता कामा नयेत. गडद कोट, बदामी पँट, पांढरा शर्ट, काळे हातमोजे. (वेस्टर्न प्रकारात याच्या बरोबर उलट. तिथे खडे, चमचम, मोठी टोपी. आमच्या कन्येला ते जास्त आवडलं, हे सांगायला नकोच.) छोट्या सरावाच्या शोमध्ये पट्ट्यात खोचलेला स्वच्छ पोलो शर्टसुद्धा पुष्कळदा चालतो. आधी फोन करून विचारायचं, इतकंच. मी विचारलं नव्हतं. शोच्या दिवशी ऊन इतकं होतं की परीक्षकांनी कोट माफ करून टाकले. २२० डॉलर दिवसभर गाडीत हँगरला.

केसांना दोन वेण्या आणि रिबिनी. छोट्या मुलींची इथली ही जुनी पद्धत. पुण्याहून व्हिडिओवर आई बघत होती. म्हणाली, "अगंबाई, ही तर आपल्या शाळेसारखीच दिसतेय की!"

कुणी म्हणेल, इतकं काय त्या हेल्मेटचं. त्यांनी कोर्टनी किंग-डायबद्दल वाचावं. २००८ च्या ऑलिंपिकमध्ये अमेरिकेकडून ड्रेसाज खेळलेली बाई. मार्च २०१० मध्ये फ्लोरिडात सरावाच्या वेळी घोडा अडखळला, ती पडली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. कवटी फुटली, काही आठवडे कोमात होती, बोलणं-चालणं पुन्हा शिकावं लागलं. एवढी कसलेली स्वार, आणि चूक घोड्याचीही नाही. तरी वरच्या पातळीच्या ड्रेसाजमधली उंच काळी टोपी जायला २०२१ उजाडावं लागलं. तेव्हा कुठे आंतरराष्ट्रीय महासंघाने हेल्मेट सक्तीचं केलं. शोभेसाठी डोकं उघडं ठेवायची हौस फक्त आपल्याकडच्या स्कूटरवाल्यांनाच असते असं नाही.

पहिल्या शोमध्ये कन्या सातपैकी पाचवी आली. गुलाबी रिबन मिळाली, ती फ्रिजवर आहे. ऑक्टोबरमध्ये सरावात घोडा बुजला आणि ती पडली. उठली, रडली, पुन्हा बसली. डोकं कुंपणाच्या लाकडाला लागलं होतं, हेल्मेटला बाहेरून साधा ओरखडाही नाही. कोट आता तबेल्यातल्या एका धाकट्या मुलीला दिलाय, तिला तो दोन वर्षं पुरेल. हेल्मेट मागायला तिची आई आली होती. तिला नाही म्हटलं, पट्टे कात्रीने कापले आणि ते कचऱ्यात टाकलं.